निष्ठेचे दोन शिक्के

५ ऑक्टोबर, रविवार
आजपासून अन्याय सहन करणार नाही.
झाशीच्या फुटबॉल मॅचसाठी यजमानांनी आमच्या क्लबला तीस पास दिले होते. मला एकही नाही. हेमेंद्रला मात्र भरपूर. त्यातला एक त्याच्या सासऱ्यांना, ज्यांनी मॅच संपल्यावर विचारलं म्हणे की रन किती झाले.
हेमेंद्रचं सराफ्यात दुकान आहे आणि आमच्या 'लश्कर मॉर्निंग स्टार' क्लबच्या मुलींना तो जर्सी देतो. जर्सी देणं वेगळं, निष्ठा वेगळी. माझी स्वतःची मुलगी या टीममध्ये लेफ्ट विंगला खेळते, आणि मी घरी बसून लसूण सोलत होतो. दुर्गा गेली होती. 'खेळाडूची आई' अशी एक कॅटेगरी आहे म्हणे. 'खेळाडूचा बाप' अशी नाही. का नाही, हे विचारायला क्लबात कोणी जागेवर नव्हतं. सगळे झाशीला.
तन्वीनं गोल केला. कसा, ते दुर्गेनं दोनदा सांगितलं. ऐकून घेतलं.

८ ऑक्टोबर
मार्ग सापडला. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. विलायतेत अवे मॅचला, म्हणजे दुसऱ्याच्या मैदानावर, पाहुण्यांना तिकिटं थोडीच मिळतात. तिथं ती लॉयल्टी पॉइंटवर वाटतात. जो जास्त मॅचना गेला त्याचे पॉइंट जास्त, आणि ज्याचे पॉइंट जास्त त्याला तिकीट आधी. ओळख, पैसा, सासरा, काही चालत नाही. काही लबाड नुसत्या पॉइंटसाठी तिकीट घेतात आणि मॅचला जातच नाहीत. मग क्लबवाले गेटवर तपासणी ठेवतात.
माझी अख्खी नोकरी ए.जी. ऑफिसात ऑडिट करण्यात गेली. असे लबाड मी पेन्शनीतही पकडू शकतो.

१२ ऑक्टोबर, रविवार
क्लबची मीटिंग. योजना मंजूर! अध्यक्ष दिनकरराव म्हणाले, भालचंद्रराव, चहा निवतोय, मंजूर समजा. एकमताने मंजूर असं मी लिहून घेतलं.
नियम माझे, अक्षरही माझं. आपल्या मैदानावरच्या प्रत्येक मॅचला कार्डावर दोन शिक्के. पहिला मॅच सुरू होताना, दुसरा शेवटची शिट्टी झाल्यावर, आणि तोही स्टँडमध्ये बसल्या जागी. दोन्ही मिळून एक पॉइंट. एकच शिक्का असेल तर अर्धा पॉइंट ग्राह्य धरू नये. पॉइंट कोणाला देता येणार नाहीत, घरच्या माणसालाही नाही. (हे वाचताना हेमेंद्रकडे पाहिलं.) तक्रार असल्यास नियम समितीकडे अपील करावं. समितीत एकच सभासद. मी.
हेमेंद्र म्हणाला, भाईसाहब, फुटबॉल है, इन्कम टैक्स थोड़ी है. नियम आपोआप उत्तर देतील.
शिक्का उषाताईंकडे सोपवला. शाळेत गणित शिकवायच्या आणि सख्ख्या भाच्याला एका मार्कानं नापास केलं होतं. असाच माणूस हवा.
टोपी बाजारात कार्डं छापायला टाकली. एक नंबरचं कार्ड माझं.

२६ ऑक्टोबर, रविवार
पहिली मॅच. पहिला शिक्का मीच मारून घेतला. स्टँडमध्ये टाळ्या झाल्या असत्या, पण लोक चिवडा खात होते.
थोड्या वेळानं समोरच्या टीमच्या एका दांडग्या मुलीनं तन्वीला आडवं पाडलं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बाहेर पार्किंगची अवस्था भयंकर आहे. गाड्या कशाही लावलेल्या. लगेच उठलो. सगळ्या स्कूटी एका रेषेत आणल्या. मग त्या रेषेला समांतर दुसरी रेष. परत आलो तर मॅच संपलेली आणि उषाताई रिक्षात बसलेल्या.
दुसरा शिक्का राहिला. किरकोळ बाब. पुढच्या वेळी एकदम दोन मारून घेऊ.
दोन वर्षांपूर्वी तन्वीचं खांद्याचं हाड मोडलं तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो. त्याचा पार्किंगशी काही संबंध नाही. शिस्त ती शिस्त.

१६ नोव्हेंबर, रविवार
उषाताई म्हणाल्या, मागचा शिक्का आज मिळत नसतो. मी म्हटलं, अहो, मी मैदानावरच होतो. त्या म्हणाल्या, मैदानावर माळीही असतो.
बाणा आवडला.
आज शेवटपर्यंत बसायचं असं ठरवून गेलो होतो. डबल कॉफीही घेतली होती. पण तन्वी बॉल घेऊन निघाली आणि तीन जणी तिच्या मागे, आणि नेमका त्याच क्षणी पार्किंगमध्ये बैल शिरल्याचं मला स्टँडमधून दिसलं. दुसऱ्या कोणालाही दिसलं नाही, यावरून लोक किती बेफिकीर आहेत ते कळतं. बैलाला काढायला वेळ लागला. तो मुळात बसलेला होता.
घरी दुर्गा म्हणाली, अहो, बैलाला गाडी लावायची होती का?
मी जेवलो आणि उठलो.

७ डिसेंबर, रविवार
थंडी. आज हेमेंद्र उगवला! या सीझनमध्ये पहिल्यांदाच. शाल, कानटोपी, तिळाच्या गजकचा डबा. पहिला शिक्का घेतला, गजक खाल्ली आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागला. मी बाहेर गेलो तेव्हा (एक कार तिरकी लागली होती) तो झोपलेला होता. नंतर चहाच्या टपरीवर कळलं, गोलच्या आरड्याओरड्यातही त्याला जाग आली नाही म्हणे. उषाताईंनी हलवून उठवला आणि दुसरा शिक्का दिला.
हसलो. एका पॉइंटनं काय होतं! निष्ठा झोपेत मिळत नसते.
रात्री तन्वीनं विचारलं, बाबा, मी घेतलेला कॉर्नर पाहिलात? म्हटलं, पाहिला ना, सुंदर. ती म्हणाली, कोणत्या पायानं मारला? मी म्हटलं, डाव्या. ती म्हणाली, कॉर्नर निवेदितानं घेतला होता, यार बाबा.
पुढच्या मॅचला नक्की बसणार. ठरलं.

२१ डिसेंबर, रविवार
धुकं इतकं की स्टँडमधून पलीकडचा गोल दिसत नव्हता. अशा वेळी बसून काय करायचं? पार्किंगला टॉर्च घेऊन उभा राहिलो. एका गृहस्थांनी मला दहा रुपये दिले. परत केले.

२८ डिसेंबर, रविवार
फायनलमध्ये पोचलो!! भोपाळला मॅच, त्यांच्या मैदानावर. पाहुण्यांना पास तीसच. पासाशिवाय गेटमधून माशीही आत सोडणार नाहीत. म्हणजे योजनेची खरी परीक्षा आता.
तन्वी कॅप्टन. आणि ही तिची इथली शेवटची मॅच, कारण नंतर ती कोचिंगच्या कोर्सला बाहेरगावी जाणार. जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, बाबा, एक मॅच पूरी देख लो ना. पहिल्यापासून शेवटपर्यंत. बस.
शब्द दिला. भोपाळला बसणार, आणि हलणार नाही. शिवाय भोपाळच्या पार्किंगची जबाबदारी माझी नाही.
नवा मफलर काढून ठेवला.

४ जानेवारी, रविवार
विजयाचा दिवस. हेमेंद्रनं अपील केलं. म्हणाला, जर्सी मैं दूँ, जूते मैं दूँ, और फाइनल में घर बैठूँ? ये कहाँ का इंसाफ़ है? सगळ्यांसमोर म्हणाला.
मीही सगळ्यांसमोर उभा राहिलो. पंधरा मिनिटं बोललो. म्हटलं, नियमापुढे शेटजी नाही आणि शिपाई नाही. आज एकाला सूट दिली तर उद्या नियमाचा चिवडा होईल. उद्या माझ्या स्वतःच्या बाबतीत प्रश्न आला तरी मी हेच सांगेन. अपील फेटाळलं.
टाळ्या. दिनकररावांनीही वाजवल्या, ते जागे झाल्यावर.
हेमेंद्र जाताना म्हणाला, भाईसाहब, आप कट्टर आदमी हो. कौतुक म्हणून घेतलं.

११ जानेवारी, रविवार
क्लबच्या भिंतीवर यादी लागली. माझं नाव पहिलं नव्हतं. ठीक. पहिल्या दहांत नव्हतं. चष्मा पुसला. मग पान उलटून पाहिलं, मागे असेल म्हणून. मागे मांज्याच्या दुकानाची जाहिरात होती.
उषाताईंना गाठलं. त्यांनी माझं कार्ड समोर धरलं. डाव्या बाजूला शिक्केच शिक्के, एकही मॅच चुकलेली नाही. उजवी बाजू स्वच्छ. त्या म्हणाल्या, भालचंद्रराव, शून्य. म्हटलं, अहो, निदान अर्धे अर्धे धरून बेरीज करा. त्यांनी नियमाचा कागद काढला आणि 'अर्धा पॉइंट ग्राह्य धरू नये' या ओळीखाली बोट ठेवलं. अक्षर खरंच सुंदर आहे माझं.
दुर्गेचं नाव वरून दुसरं.

१२ जानेवारी
हार मानणार नाही. अपील केलं. आठ पानी. पार्किंग ही संघसेवाच कशी, हे उदाहरणांसह मांडलं. बैलाचा स्वतंत्र परिच्छेद.
संध्याकाळी डायनिंग टेबलावर नियम समितीची बैठक बसली. मी अपील वाचून दाखवलं आणि मीच ऐकलं. अपीलकर्त्याचं म्हणणं मनाला भिडणारं होतं. पण ४ जानेवारीचं भाषण आडवं आलं. हेमेंद्रला एक न्याय आणि मला दुसरा, हे माझ्या हातून होणार नाही.
फेटाळलं.
दुर्गा म्हणाली, अहो, माझा पास घ्या, मी तिला खूप पाहिलंय. मी तिला नियम दाखवला, घरच्या माणसालाही नाही. ती म्हणाली, तुम्ही नियम कोणाला अडवायला केला होता? मी म्हटलं, हेमेंद्रला. ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज जास्त येत होता.
तन्वी बूट पुसत बसली होती.

१६ जानेवारी, शुक्रवार
आशा! दिनकररावांचं गुडघ्याचं दुखणं उठलं, ते येत नाहीत. एक पास मोकळा. नियमाप्रमाणे तो शिल्लक लोकांत ज्याचे पॉइंट जास्त त्याला.
शिल्लक लोकांत फक्त एकाच माणसाचा पॉइंट निघाला. एक.
हेमेंद्र.
उषाताईंनी यादीवर सही मागितली, नियम समिती म्हणून. केली. पेन नीट चालत नव्हतं, दाबून केली.

१७ जानेवारी, शनिवार
स्टेशनवर सोडायला गेलो. सगळ्यांना पुऱ्या-बटाटा दिला. हेमेंद्रनं माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, भाईसाहब, चिंता मत करो, पूरा मैच वीडियो कॉल पर दिखाऊँगा. मी त्याला शपथ घातली की झोपणार नाहीस. त्यानं गाडीच्या खिडकीत हात ठेवून शपथ घेतली. माझा नवा मफलरही घेऊन गेला, भोपाळात वारं असतं म्हणून. वाईट माणूस नाही.
तन्वीनं वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, फोनवर का होईना, पूर्ण पाहीन. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती म्हणाली, पक्का? म्हटलं, पक्का.
दिलेला शब्द पाळायला पास लागत नाही.

१८ जानेवारी, रविवार
दुपार. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. पाणी, शेंगदाणे, डायरी, सगळं हाताशी. उठायला कारण नको. दार लावलं. पार्किंग इथं नाहीच. हेमेंद्रचा अंगठा अर्ध्या कॅमेऱ्यावर. त्याला ओरडून सांगितलं. काढला.
पहिला हाफ झाला. हललो नाही!! शून्य-शून्य. दुर्गा हेमेंद्रच्या शेजारून ओरडतेय, फोनवर ऐकू येतं.
दुसरा हाफ. तन्वीला पाडलं. उठून बसली. मी शेंगदाण्यांचं फोलपट गिळलं, पण जागेवर आहे. लिहितोय याचा अर्थ बसलोय.
शेवटची मिनिटं. पेनल्टी! आम्हाला. हेमेंद्र ओरडतोय, बिटिया मारेगी, बिटिया! तन्वीनं बॉल ठेवला. मागे सरकते आहे. खांदा एकदा चोळला. तोच खांदा.
उठणार नाही. या वेळी उठणार नाही.

संध्याकाळ.
जिंकलो. एक-शून्य.
त्या क्षणी मला आठवलं की दुर्गेची स्कूटी दोन दिवस खाली अंगणात उभी आहे आणि कदाचित नीट लागलेली नाही. एक मिनिटाचं काम होतं. जिना उतरून पाहून आलो. वर येईपर्यंत फोनमधून नुसता गोंधळ. हेमेंद्र रडत होता. म्हणाला, भाईसाहब, देखा? क्या मारा! देखा ना आपने? मी म्हटलं, देखा.
मग तन्वीनं त्याच्या हातातून फोन घेतला. चेहरा लाल, कपाळाला माती. मी तयार होतो. या वेळी ठरवूनच ठेवलं होतं, डावा पाय म्हणायचं.
तिनं पाय विचारलाच नाही. हसली आणि म्हणाली, बाबा, स्कूटी नीट लागलीय ना?
म्हटलं, हो. अगदी सरळ.