दोन मिलिमीटरची सुई आणि अपुरे दुपटे

मी, जयमाला प्रल्हाद सावे, वय ६७, निवृत्त शिक्षिका, राहणार डहाणू, शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे लिहिते. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर धोका कमी म्हणतात. तरी लिहून ठेवते.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते आणि बँकेतील शिल्लक मुलगा परेश व मुलगी अदिती यांना निम्मे निम्मे.

२. क्रोशाच्या अकरा सुया माझी तलासरीच्या शाळेतील विद्यार्थिनी निलम हिला. नणंद पुष्पाताईंनी हक्क सांगू नये. त्यांनी माझ्या सुईने परकराची नाडी ओवली होती. वाकलेली ती सुई त्यांनीच ठेवावी.

३. निलमने नुसता आकडा पाहून सुई निवडू नये. पोलादी सुईचा नंबर वाढतो तशी ती बारीक होते. ॲल्युमिनियमच्या सुईवर मिलिमीटर असतात. ते वाढले की सुई जाड. आधी दोरा पाहावा, मग चार बोटे तुकडा विणून उजेडात धरावा. हे इतक्यांदा सांगितले की ती म्हणाली, "बाई, आता सुयांचीपण हजेरी घेणार का?" घेते. कारण पुढे आहे.

४. २०१४ साली अदितीच्या मुलीसाठी दुपटे विणले. नमुन्यात पोलादी चार नंबर होता. मी चार मिलिमीटरची जाड सुई घेतली. बाळाचे बोट जाळीत अडकले, दोरा आवळला, बोट निळे पडले. अदितीने कात्रीने दोरा कापला. बोट वाचले. "आई, आता माझ्या घरासाठी काही विणू नकोस," एवढेच ती म्हणाली. नंबर चुकला, असे मी सगळ्यांना सांगितले. जाळी मोठी पडते आहे हे मला विणतानाच दिसले होते. काम भराभर होत होते, म्हणून उसवले नाही. हे आज प्रथमच लिहिते.

५. अदितीला पुन्हा दिवस गेले आहेत. तिला न विचारता मी नवे दुपटे विणायला घेतले. निम्मे झाले आहे. कपाटात दोन मिलिमीटरच्या सुईसह आहे. मी परतले नाही तर निलमने त्याच सुईने पुरे करावे. लवकर व्हावे म्हणून जाड सुई घेऊ नये. तिचा हात सैल आहे. आगकाडी आरपार जाईल ती ओळ उसवावी. मग दुपटे अदितीला द्यावे. आधी कलम चार वाचायला द्यावे.

६. मी गेले म्हणून ते बाळाला घालावे, असा आग्रह परेशने किंवा कुणीही करू नये. अदिती नको म्हणाली तर निलमने तिच्यासमोर उसवून दोरा गुंडाळून ठेवावा. त्यावर कुणी काही बोलू नये.

पहिली सही बिघडली. खालची खरी धरावी.

जयमाला प्रल्हाद सावे

आमच्यादेखत सही केली:
१. दिपक राऊत, शेजारी
२. चिमण धोडी, कैनाड

डहाणू, १६ नोव्हेंबर २०१८