आईच्या कागदावरचा आकडा

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥
तारकर्ली, ता. १२ जून १९६०

चि. भिकाजीस रुक्मीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम असे लिहायची रीत आहे, पण तसे नाही, म्हणून लिहीत नाही. गुरुवारी आई दारापुढच्या खळ्यात पडली. उठता येईना. डावा पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या अंगाला वळले आहे. कट्टा गावाहून शिवा हाडवैद्याला आणला. मांडीचे हाड मोडले म्हणाला, पाला बांधला, कमरेपासून घोट्यापर्यंत बांबूच्या कामट्या आवळल्या आणि सव्वा महिना हलवायची नाही म्हणून बजावून गेला. आई त्याला म्हणाली, की पाय मागीर बघ, आदी ती दाडी कर. म्हणजे जीभ शाबूत आहे.

तू इस्पितळात कागदांवर आकडे घालतोस असे नऊ वर्षे ऐकते. ते कसले काम ते मला अजून कळले नाही. पण एवढे मोडके पाय तुझ्या हाताखालून गेले, तर आईचे काय करू ते उलट टपाली लिही. बोटी बंद आहेत, पण आणायची म्हणालास तर एस.टी.ने घाटातून आणीन. मला वाट बघायची सवय नाही, तुला ठाऊक आहे.

माया आहेच, ती जरा लवकर लिहिण्यात दिसू दे.
तुझी ताई, रुक्मिणी


परळ, मुंबई, ता. ३० जून १९६०

ती. रुक्मीताईस बालक भिकाजीचा शि. सा. न. वि. वि. उत्तरास उशीर झाला, कामाची गडबड होती.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलेले दुखणे वाचायचे आणि जाड पुस्तकात बघून त्याचा आकडा घालायचा, हे माझे काम. वर्षअखेर कशाचे किती रोगी ते त्यावरून मोजतात. मांडीच्या हाडाचे दोन आकडे आहेत. वर खुब्यापाशी, हाडाच्या मानेत मोडले तर ८२०. खाली मोडले तर ८२१. आखूड पाय, बाहेर वळलेले पाऊल आणि बहात्तर वय, म्हणजे आईचा ८२० असणार. आमच्या डॉक्टरांनाही तसेच वाटते. शिवाने बांधला तो ८२१. असे बांधून म्हाताऱ्या माणसाला उताणे ठेवले, की पाठीला जखमा पडतात, छाती भरते. कामट्या आजच सोड. तिला उठवून बसव, कुशीवर वळव आणि मिळेल त्या गाडीने आण. इथे खुब्यात खिळा घालतात.

आम्हाला दुसराही एक आकडा घालावा लागतो, माणूस कसे पडले त्याचा. जिन्यावरून, उंचावरून, की सपाटीवर. ते तू लिहिले नाहीस. हातात काठी असून आई खळ्यात पडली कशी?

आईच्या पायांवर डोके ठेवतो. तुझा राग सोसेन, अबोला नको.
भिकाजी


तारकर्ली, ता. ३१ जुलै १९६०

चि. भिकाजीस अनेक आशीर्वाद. वि. वि. बाराव्याला आलास, दोन दिवसांत गेलास. घर माणसांनी भरलेले, आणि मी एकटी दिसले की तू उठून दर्यावर जायचास. म्हणून आता कागदावर.

तुझे पत्र पाच तारखेला आले. कामट्या तिथल्या तिथे कोयत्याने कापल्या. पाठ बघून आनंदीबाई शेजारीण बाहेर जाऊन बसली. चार दिवसांत आटोपले.

काठी मी लपवली होती. मी सासरहून माघारी आल्यापासून एकवीस वर्षे त्या बाईच्या मागे धावते आहे. पाऊस लागला, खळ्यात शेवाळ, तरी ही निघाली आनंदीबाईकडे गजाली मारायला. दिवसातून तीनदा हात धरून परत आणायची. त्या दिवशी भाताचा तरवा पेरायला जायचे होते. म्हटले, काठी नसली तर बसेल एका जागी. माळ्यावर टाकली. ती भिंत धरून निघाली.

शिवाने विचारले तेव्हा मी समोर उभी. आई म्हणाली, की सुपारीच्या ओल्या झावळीवर पाय पडलो. खळ्यात झावळी नव्हती. मरेपर्यंत माझे नाव घेतले नाही तिने. घेतले असते तर भांडता तरी आले असते.

दाजी पोलीसपाटलाने मयताच्या वहीत म्हातारपण लिहिले. मी त्याच्या दारात जाऊन भांडले. तो म्हणतो, की बहात्तराच्या बायलमाणसाक आणि काय लिवतले? तुझ्या पुस्तकात बघ. काठी लपवणाऱ्याचा आकडा असेल, तो आईच्या कागदावर घाल.

लोभ ठेव असे कोणत्या तोंडाने लिहू?
रुक्मिणी


परळ, मुंबई, ता. ११ ऑगस्ट १९६०

ती. ताईस शि. सा. न. वि. वि. आईचा कागदच नाही. घरीच वारलेल्या माणसाचा कागद आमच्याकडे होत नाही. असता, तर ८२० आणि सपाटीवर पडल्याचा ९०३ एवढेच घातले असते. कोणामुळे ते पुस्तक विचारत नाही.

ताई, कामाची गडबड नव्हती. तुझे पत्र अठरा जूनला मिळाले. वाचताक्षणी आकडा कळला. त्याच दिवशी ८२०चे दोन वर्षांचे कागद काढले, सत्तरीपुढच्या बायकांचे. एकवीस होते. चालत घरी गेल्या चार. बारा दिवस मी तेच कागद पुन्हा पुन्हा मोजत होतो, एखादी पाचवी निघेल म्हणून. तुला काय लिहावे कळेना. शेवटी डॉक्टरांना विचारले, ते ओरडले, की अजून बांधून ठेवली आहे? कामट्या सोड, एवढे दोन शब्दांचे कार्ड मी अठरालाच टाकू शकलो असतो. दर्यावर जायचो ते यासाठी.

तुझा, भिकाजी


तारकर्ली, ता. २० ऑगस्ट १९६०

चि. भिकाजीस आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र वाचून तोंडाला येईल ते बोलले, गोठ्यात म्हशीने ऐकले. ते बारा दिवस आई रोज विचारायची, की भिकल्याचा पत्र इला काय? आणि मी खेकसायची, की त्याला कामे असतात. तुझी बाजू घेत होते मी.

तुला माफ केले असे लिहिणार नाही. मग तूही मला तसेच लिहिशील, आणि ते मला नको आहे.

रजा काढून ये. मला शिव्या घालायला या घरात आता कोणी उरले नाही, तुलाही तिथे नसेल. पत्राने काय ते कळवू नकोस, स्वतः ये.

रुक्मिणी