तीर्थरूप ताईस

३ जून

चि. ठकी हिस,
अ. उ. आ.

‘चि. सौ.’ लिहायचं मी बंद केलं आहे. ज्या नवऱ्याने हात उगारला, त्याच्या नावाचं ‘सौ.’ मी माझ्या पत्रात मिरवणार नाही. बाकी मायना आईने शिकवला तसाच. ई-मेल असली म्हणून काय झालं, कुशल विचारल्याशिवाय मला पुढे लिहिताच येत नाही. वाचून झालं की नेहमीसारखं पुसून टाक. शहरांची खरी नावं मी लिहीत नाही, ती मी ठेवलेल्या नावांनीच ओळख.

भोंग्याचं शहर बाद. खोली स्वस्त होती, बाजार स्वस्त होता, विमानतळावरच पारपत्रावर शिक्का मारून आत घेतात. आपण दोघी वर्षभर माझ्या पेन्शनवर आरामात राहिलो असतो. पण घरमालक! पूर्वी मुष्टियुद्ध खेळायचा, आता भाडेकरूंवर खेळतो. मी त्याला ‘बैल’ म्हणते. शेजारच्या खोलीतल्या रंगाऱ्याला त्याने भाडं उशिरा दिलं म्हणून जिन्यावरून खाली फेकलं. मी त्या रंगाऱ्याचा खांदा बसवला, हे बैलाला आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत असताना स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत आला आणि भाडं वाढवलंय म्हणाला. मी नाही म्हटलं, तर त्याने माझे केस धरले. माझ्या हातात लोखंडी तवा होता. तापलेला.

अस्थिभंगाच्या वॉर्डात प्लास्टर घालण्यात माझी उभी हयात गेली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला ओळखता येतो. बैल भिंतीला टेकून खाली बसला आणि रक्त थुंकत म्हणाला की तू तर सुटलीस, पण तुझं नाव सांगत जो कोणी या दारात येईल त्याची हाडं मोजून हातात देईन. मी पिशवी उचलली आणि निघाले. तवाही घेतला, चांगला होता.

तुझा ऱ्हस्वदीर्घ कसा आहे? हे नाव त्याला काय शोभतं! छापखान्यात दिवसभर मुद्रितं तपासायची आणि घरी येऊन बायकोला. हाताची सूज उतरली का ते आधी लिही. दुसरं शहर बघायला उद्या निघते. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई


११ जून

तीर्थरूप ताईस,
ठकीचा सा. न. वि. वि.

पत्र दुकानातल्या संगणकावरून लिहिते आहे. लॉन्ड्रीवाल्या मावशी दारात इस्त्री घेऊन पहाऱ्याला उभ्या आहेत. तुझ्या तव्याची हकिकत वाचून दाखवली, तर त्या इतक्या हसल्या की एका गिऱ्हाइकाची कॉलर करपली.

सूज उतरली होती, पुन्हा आली. फ्रिजवर चिठ्ठी लावली होती, त्यात ‘दूध’ हा शब्द ‘दुध’ असा लिहिला गेला. त्याने मला टेबलावर हात ठेवायला सांगितला आणि स्टीलच्या पट्टीच्या कडेने मारलं. ओरडत नाही गं तो. हळू आवाजात नियम समजावून सांगतो आणि मारतो. मग मी म्हटलं की दूध नासलं नाही तर पुरे. बोलायला नको होतं. त्याने मानेला धरून माझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. दवाखान्यात मी न्हाणीघरात पडले असं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचं न्हाणीघर फार वाईट आहे, तिथे पुन्हा जाऊ नका.

तुला लिहिलेलं एक जुनं पत्र त्याला सापडलं होतं, ते सांगितलंच नाही तुला. मजकुरात विशेष काही नव्हतं, पण मायन्यावर बोट ठेवून म्हणाला की ‘तीर्थरूप’ फक्त आईवडिलांना लिहितात, मोठ्या बहिणीला ‘तीर्थस्वरूप’. मला शंभर वेळा लिहून काढायला लावलं. मी काढलं. पण ताई, आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. मला न्हाऊमाखू तू घातलंस, शाळेत तू सोडलंस, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा तुझ्याच कुशीत रडले. मला काय करायचा तो नियम? मी चूकच लिहिणार.

पारपत्र मावशींकडे स्टार्चच्या डब्याखाली ठेवलं आहे. तू लवकर शहर ठरव. आधी हात होता, मग डोकं. पुढे काय, याचा विचार करताना एकाच शर्टाला दोनदा इस्त्री करते. मला मरायचं नाही, ताई. लोभ असाच राहू दे.

तुझी,
ठकी


२४ जून

चि. ठकी हिस,
अ. उ. आ.

शहर मिळालं गं बाई!

मधलं एक वाया गेलं. त्याला मी ‘पायऱ्यांचं शहर’ म्हणत होते. खोली बघून खाली उतरले, तर चौकात दोन टोळक्यांची जुंपलेली. एका माणसाच्या पोटात सुरा गेला आणि तो माझ्या पायाशी येऊन पडला. मी पदर फाडून जखमेवर दाबून धरला. लोक खिडक्या लावून घेत होते. तो वाचला, पण माझी साडी आणि त्या शहरावरचा विश्वास दोन्ही गेले. स्वस्त का होतं ते कळलं.

आता जिथे आहे ते कोरड्या नदीचं शहर. पुलाखाली पाणी नाही, मुलं क्रिकेट खेळतात. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, दोन खिडक्या, एक मोरी, आणि दाराला आतून दोन कड्या. मी स्वतः बसवून घेतल्या. घरमालकीण बहिरी आहे, त्यामुळे भांडण होण्याचा प्रश्नच नाही. माझ्यासारख्या पेन्शनवाल्यांना इथे वर्षाची परवानगी देतात, सोबत एका नातेवाइकालाही. तुझा कागद झाला आहे. खालच्याच गल्लीत कपडे धुण्याचं दुकान आहे, मालकाने इस्त्रीसाठी माणूस हवा अशी पाटी लावली आहे. मी त्याला म्हटलं, पाटी काढा.

शहराचं खरं नाव आणि पत्ता तू घराबाहेर पडलीस की कळवीन, आधी नाही. चिडू नकोस, तुझ्यावर नाही, त्याच्यावर विश्वास नाही. दिवस ठरव आणि लिही. तुझ्यासाठी उशी आणली आहे, फार मऊ आहे, डोक्याला बरी पडेल. लोभ उतू गेला तरी चालेल.

तुझी,
ताई


२ जुलै

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. मजकूर वाचून अतिशय आनंद झाला. मी घर सोडले आहे व सध्या एका मैत्रिणीकडे सुखरूप आहे. कृपया काळजी करू नये.

घाईमध्ये निघाल्यामुळे बरोबर फारसे काही घेता आले नाही. तू म्हटल्याप्रमाणे आता शहराचे खरे नाव व खोलीचा संपूर्ण पत्ता त्वरित कळवावा, म्हणजे तिकीट काढणे सोयीचे होईल. दुकानातील संगणकावर पत्र पाठवू नये, याच पत्त्यावर पाठवावे. मावशींना यातील काही सांगू नये, त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही.

तुझ्या भेटीची आतुरतेने वाट पाहत आहे. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझी,
ठकी


२ जुलै

चि. सौ. ठकी हिस,
अ. उ. आ.

सुटलीस बाई एकदाची! पत्र किती शुद्ध लिहिलंस, डोळे निवले.

शहराचं नाव आणि पत्ता खाली वेगळा लिहिला आहे. विमानतळावरच शिक्का मारून देतात, आधी काही करावं लागत नाही. नदी शोधत बसू नकोस, कोरडी असल्यामुळे ती कोणाला नदी वाटतच नाही. भोंगा वाजतो त्या कारखान्याच्या मागची गल्ली, हिरवं दार. घंटी जोरात आणि बराच वेळ दाब. दार उघडणाऱ्या माणसाला माझं पूर्ण नाव सांग आणि आपण तिच्या घरचे आहोत हे मोठ्याने सांग, तो ताबडतोब आत घेईल. मी कधी बाहेर गेलेली असले तर तो तुझी सगळी व्यवस्था करेल. माणूस शब्दाचा पक्का आहे.

येच. लोभ आहेच, तिथे तर फारच आहे.

तुझी,
ताई


२ जुलै

ती. स्व. मावशींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहिते आहे. ठकीच्या नावाने आज मला एक पत्र आलं. ते तिचं नाही. ते त्याने लिहिलं आहे. माझी ठकी मला आयुष्यात कधी ‘तीर्थस्वरूप’ म्हणाली नाही. तिला पट्टीने मारलं तरी ती ‘तीर्थरूप’च लिहिते. आणि त्याला, जीव गेला तरी, चूक तशीच सोडता येत नाही.

मावशी, तिचा फोन त्याच्याकडे आहे, म्हणजे तिचं काय केलं त्याने? तो पत्ता विचारतो आहे, त्याअर्थी ती त्याच्या हाती नसावी, ती माझ्याकडे निघाली आहे असं त्याला वाटत असावं, अशी आशा धरून बसले आहे. मी त्याला बैलाचा पत्ता दिला आहे. तो जाणार याची मला खात्री आहे. तिथे त्याचं काय होईल तेही मला ठाऊक आहे आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. तो विमानात बसला की रस्ता मोकळा.

ठकी कुठे आहे तेवढं लिहा. एक ओळ पुरे.

आपली,
ठकीची ताई


४ जुलै

ठकीच्या ताईंना मावशीचा नमस्कार.

मला मायनाबियना येत नाही, राग मानू नका. पोरगी जिवंत आहे. पहिल्यांदा ते.

तुमचं शहर ठरल्याचं पत्र तिने माझ्या दुकानात वाचलं आणि आनंदाच्या भरात पुसायला विसरली. घरी गेल्यावर त्याने तिचा फोन उघडला. तिचा उजवा हात कपाटाच्या दारात घालून त्याने दार लावलं, ताई. परत उघडलं आणि परत लावलं. मनगट गेलं आणि तीन बोटं गेली. मग लाथा. दोन बरगड्या मोडल्या. त्याला दारावर कोणी हाक मारली तेवढ्यात ही मागच्या गच्चीवरून शेजारच्या घरात उतरली आणि भर दुपारी अनवाणी माझ्या दुकानात येऊन पडली. मी तिला माझ्या नणंदेकडे लपवलं. डॉक्टरीणबाई घरी येऊन प्लास्टर घालून गेल्या, या वेळी न्हाणीघराबद्दल काही बोलल्या नाहीत.

तो आला होता दुकानात. टेबल उलथलं, धुतलेल्या कपड्यांवर नाचला, माझी मान धरली. मी गरम इस्त्री त्याच्या छातीशी नेली आणि म्हटलं, ती परदेशी गेली तिच्या बहिणीकडे, जा शोध. शर्टाला भोक पडलं तेव्हा सोडलं. माझ्या थापेने तुमच्यावर संकट आणलं असं वाटून मी तोंड लपवत होते. आता कळलं, बरंच झालं.

आज सकाळी समोरच्या पानवाल्याने त्याला बॅग घेऊन टॅक्सीत बसताना पाहिलं. ठकीला परवा मी स्वतः विमानात बसवते. खरा पत्ता पाठवा. पारपत्राला थोडं स्टार्च लागलंय, चालेल का?

मावशी


१९ जुलै

प्रीय पत्नि,

मि इथे दवाखाण्यात आहे. तूझ्या बहीणीने दीलेल्या पत्यावर मि गेलो. घंटि वाजवलि. मोडक्या नाकाचा एक मानूस बाहेर आला. मि सांगीतले की मि तीच्या घरचा आहे. त्याने काहि वीचारले नाही. जीन्यावरुन ओढत नेले. माझी दोन्हि हातांची बोटे दारात घालून दार लावले. जबडाहि मोडला आहे, तारेने बांधला आहे. बोलता येत नाहि.

चूका काढू नकोस, डाव्या अंगठ्याने लीहीतो आहे, तेवढाच बाहेर आहे. तू जीथे असशील तीथून मला न्यायला ये. झाले गेले विसरुन जाऊ. तू माझी पत्नि आहेस हे लक्षात असु दे.

कळावे, लोभ असावा.

तूझा


२१ जुलै

मायना काय लिहावा ते कळलं नाही, म्हणून लिहिला नाही.

तुमचं पत्र मिळालं. मीही डाव्या हाताने लिहिते आहे, उजवा प्लास्टरमध्ये आहे. पहिलं प्लास्टर ताईने कापून काढलं आणि नवं घातलं. जुनं कापताना हसत होती, नवं घालताना रडली. दोन बोटं पुढे वळतील म्हणते, तिसऱ्याचं माहीत नाही.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही. एकटीने खिडकीत बसून वाचलं. ‘दारात घालून दार लावले’ इथे थांबले. तुम्हाला किती दुखलं असेल ते मला अगदी नेमकं ठाऊक आहे, जगात दुसऱ्या कोणाला नसेल इतकं. तरी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं नाही याचं मात्र वाटलं, थोडा वेळ.

‘पत्नी’मधला ‘नी’ दीर्घ असतो. ‘चुका’मधला ‘चु’ ऱ्हस्व. बाकीच्या तशाच सोडते आहे. आमच्या घरात चुका चालतात. एक चूक तर मी जन्मभर करणार आहे, तिच्यामुळेच जिवंत आहे. तुम्ही ती दुरुस्त केली नसतीत, तर ताईने खरा पत्ता दिला असता.

शहर स्वस्त आहे. दोघींचं भागतं. दाराला आतून दोन कड्या आहेत, पण काल आम्ही एकच लावली.

कळावे. लोभ नसावा.