प्रश्न सातवा, पुराव्यासह

३ मार्च, सोमवार
सकाळी दोन इमारतींच्या लिफ्ट तपासल्या. एकीचा दरवाजा अर्धा इंच उघडा राहतो. तसा शेरा मारला. चारला घरी. कपाटावर हिचं लायब्ररीचं पुस्तक सापडलं. जुनी अमेरिकन कादंबरी, क्लासिक म्हणतात तसली. इंग्रजीत. परत करायला हवं. आधी चाळली. जागोजाग पेन्सिलीच्या रेघा. ही हातात पेन्सिल घेऊन वाचायची, हे मला माहीत नव्हतं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी बारा प्रश्न आहेत. पात्रांचे विश्लेषण करा, मध्यवर्ती विषय सांगा वगैरे. अकरा कोरे. सातव्याखाली मात्र दोन रेघा: नायकाची पत्नी सुखी होती का? पुराव्यासह उत्तर द्या.

ही गेल्याला काल दोन महिने झाले.

संकल्प: पुस्तकाचा पद्धतशीर अभ्यास. रोज वीस पानं. दहा दिवसांत परत. यात मन गुंतवायचं नाही, नुसतं विश्लेषण.

५ मार्च, बुधवार
सहा पानं झाली. चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतो. शिवाय डिक्शनरीतले शब्द फार बारीक.

नायक ओसाड मुलखात लोकांना विहिरी खणून देतो. स्वतःच्या घरी विहीर नाही. बायको दोन मैलांवरून पाणी आणते. तो घरी आला की बूट काढतो आणि गप्प बसतो. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी. मला आवडला.

पुढची पानं नुसती उलटली. पान ३१ वर ‘तो काहीच बोलला नाही’ या वाक्याखाली रेघ आहे. इतकी दाबून, की पलीकडच्या बाजूला उमटली आहे. साहित्यात अशी पद्धत असावी.

८ मार्च, शनिवार
विश्लेषणाची युक्ती सापडली. आमच्या ऑफिसचा तपासणी फॉर्म. नायक: क्षमता उत्तम. आवाज नाही. बिघाडाची तक्रार आलेली नाही. शेरा: वापरण्यास योग्य. नायिका: भार मर्यादेबाहेर. ओव्हरलोडची घंटा बंद. शेऱ्याचा रकाना तूर्त कोरा ठेवला.

वीस मिनिटांत दोन पात्रं झाली. प्राध्यापक लोक यात वर्षं का घालवतात, कळत नाही.

१० मार्च, सोमवार
न वाचता, फक्त ‘तो काहीच बोलला नाही’ हे वाक्य शोधत शेवटपर्यंत गेलो. एकोणीस वेळा आहे. एकोणीसही वेळा रेघ. एके ठिकाणी समासात ‘अ‍ॅज यूज्वल’ लिहिलंय. हिचं इंग्रजी अक्षर मी कधी पाहिलं नाही. किराण्याची यादी मराठीत असायची.

दुपारी एका लिफ्टच्या मशीनरूममध्ये अर्धा तास बसून राहिलो. वॉचमन बघायला आला. बेअरिंगचा आवाज ऐकतोय, असं सांगितलं. लिफ्ट बंद होती.

१२ मार्च, बुधवार
पुस्तकातला पुरावा एकतर्फी आहे. बाहेरचा गोळा करणं भाग होतं. अल्बम काढले. हिचे एकटीचे फोटो चाळीस. हसतेय असे अकरा. ते लेकीने नाहीतर मेहुणीने काढलेले. उरलेले एकोणतीस मी. माझ्या कॅमेऱ्याचं शटर उशिरा पडायचं, तोवर हसून थांबलेला माणूस कंटाळतो. हे तांत्रिक कारण नोंदवून ठेवतो.

१५ मार्च, शनिवार
मेहुणी आली. हिचे कपडे आवरायचे ठरले होते. पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं, सध्या अभ्यास आहे. तिने टेबलावरची डिक्शनरी पाहिली, फॉर्म पाहिला.

“ताई होती तेव्हा ती काय वाचते, एका शब्दाने विचारलं नाहीत. आता तहान लागल्यावर विहीर खणताय, भाऊजी.”

मी म्हटलं, यातला नायकही विहिरीच खणतो. ती हसली नाही.

तिला विचारायचं होतं. सख्ख्या बहिणीला माहीत असणार. आठवडाभर वाक्य जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, चहात साखर किती. गेली वीस वर्षं ती बिनसाखरेचा पिते, असं तिने सांगितलं.

१७ मार्च, सोमवार
लेकीचा फोन. जेवलात का, विचारलं. हो म्हटलं. जेवायचं राहिलं होतं, पण विषय वाढला असता. मग साहित्याच्या अंगाने विचारून घेतलं. समजा एक बाई आहे. नवरा सरळमार्गी, कष्टाळू, फक्त बोलत नाही. तर ती सुखी असेल का?

लेक बराच वेळ गप्प राहिली. आमच्या घरचंच वळण. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही कुणाबद्दल विचारताय?”

रेंज गेली असं सांगून फोन ठेवला. फोन लँडलाइनचा होता, हे नंतर लक्षात आलं.

१९ मार्च, बुधवार
शेवटचं प्रकरण आधी वाचलं. नायिका पाण्याची भांडी भरून ठेवते आणि निघून जाते. नायकाला दोन दिवसांनी कळतं, पाणी संपल्यावर. समासात एकच शब्द: ‘गुड.’

रजा टाकली. कारण: पोट. फॉर्मवर सातव्याचं उत्तर लिहिलं. नव्हती. पुरावा: एकोणीस रेघा व समासातील दोन नोंदी. खाली सही केली, तारीख घातली. मग दिवसभर काही केलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार
लायब्ररीत गेलो. ग्रंथपालबाईंना म्हटलं, यात पत्नीच्या खुणा आहेत, पुस्तक विकत द्याल का. त्यांनी दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, या खुणा तुमच्या मिसेसच्या नव्हेत. एक प्राध्यापक यायचे, दिसेल त्या पुस्तकात पेन्सिल चालवायचे. तीनदा ताकीद दिली होती. त्यांना जाऊनही सहा वर्षं झाली.

मग त्यांनी रजिस्टर बघितलं. पुस्तक हिच्या कार्डावर नव्हतंच. माझ्या होतं. मला कार्ड आहे हे मला माहीत नव्हतं. हिने सप्टेंबरमध्ये काढलेलं.

“ह्यांच्यासाठी नेतेय म्हणाल्या होत्या. निम्मं जरी वाचलं, तरी दोघांना बोलायला काहीतरी होईल.”

सप्टेंबरपासून ते माझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर होतं. रिमोट ठेवायला अडचण व्हायची, म्हणून मीच उचलून कपाटावर टाकलं.

पुस्तक विकता येत नाही. ज्याच्या कार्डावर असेल त्याने खुणा पुसून द्यायच्या, असा नियम आहे. बाईंनी खोडरबर दिला.

२२ मार्च, शनिवार
सकाळपासून पुसतोय. सातव्याचं उत्तर फॉर्मवरून खोडलं. दुसरं सुचलं नाही. पुरावाच नाही, या बाजूचा ना त्या.

पुसायचं तर पान वाचावं लागतं, रेघ सुटता कामा नये. त्यामुळे कादंबरी आज पहिल्यांदा सलग वाचून झाली, डिक्शनरी न उघडता. नायिका पान चौदावर एक विनोद करते. चांगला आहे. नायक बूट काढत असतो.

पाचच्या सुमाराला शेवटच्या पानावर आलो. सातव्या प्रश्नाखालच्या दोन्ही रेघा गेल्या. प्रश्न छापील आहे.

टेबलावर रबराचा बराच भुगा साठला होता. तळहात कडेला लावून त्यात ओढून घेतला, केराच्या टोपलीत टाकला. टेबल ओल्या फडक्याने पुसलं. मग कोरड्या.