दोन्हीकडे चालणारं आडनाव

३ फेब्रुवारी १९९२
उल्हासनगरच्या खोलीचे अकरा महिने मार्चअखेर संपतात. काळजी नाही. फॅक्टरीत परमनंट क्लार्क, निर्व्यसनी, घरी फक्त आई आणि बायको द्रौपदी. असा भाडेकरू मालकांना शोधून सापडत नाही.

९ फेब्रुवारी
शिवमंदिराजवळची खोली पसंत पडली. मालकांनी विचारलं, मोरे म्हणजे कोणत्यातले? बौद्ध म्हणालो. लगेच त्यांना आठवलं, पुतण्या राहायला येणार आहे. अंबरनाथ पश्चिमेलाही तसंच झालं. अंबरनाथमध्ये पुतणे फार.

११ फेब्रुवारी
एजंट गोपी म्हणाला, साईं, कोई पूछे तो हंसने का. मोरे दोनों तरफ चलता है. हुशार माणूस.

१६ फेब्रुवारी
बदलापूर, कात्रप. मालकीण कौसाबाई गायकवाड, विधवा. खानदानी आडनाव. बाहेर ओट्यावरच बोलणं झालं. कोणत्यातले, विचारलं. हसलो. शिवाय शहाण्णव कुळी म्हणालो. बाई एकदम गप्प. इंप्रेशन पडलं.

२३ फेब्रुवारी
पुढच्या रविवारी कौसाबाई आमचं घर बघायला येणार. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत ठेवला. द्रौपदीने हात लावला नाही. तिला समजावलं, बडोद्यात खोलीसाठी तेही पारशी नाव सांगून राहिले होते. ती म्हणाली, त्यांनी ते जगाला लिहून सांगितलं, तुम्ही सांगाल का? बायकांना मार्केट कळत नाही.
आईच्या तोंडून येणाऱ्याजाणाऱ्याला जयभीम निघतं. तिला वांगणीला ताईकडे पाठवलं. हवापालट होईल.

१ मार्च
कौसाबाई चहा घेत होत्या आणि आई दारात. वांगणीला करमेना म्हणे. या कोण, बाईंनी विचारलं. सुचलं ते बोललो: धुण्याभांड्याला येते, गावाकडची म्हातारी आहे.
आईने काम छान वठवलं. मोरीत बसून सगळी भांडी घासली, स्वच्छ होती तीसुद्धा. द्रौपदीचे डोळे लाल. कांदा चिरत असावी.
जाताना कौसाबाई मोरीपाशी थांबून आईशी काहीतरी बोलल्या. मोठ्या मनाची बाई.

८ मार्च
डिपॉझिट घेऊन कात्रपला. आज पहिल्यांदा आत बसवलं. भिंतीवर महिला मंडळाचा फोटो. मागे विहार, मधोमध कौसाबाई. मोरेसारखंच गायकवाडही दोन्हीकडे चालतं, हे गोपीने सांगायला हवं होतं.
हसून म्हणालो, म्हणजे आपण एकच की. बाई म्हणाल्या, जात चोरणाऱ्याला मी समजून घेते, शेजाऱ्यांपायी मीही दहा वर्षं चोरली. पण आई का चोरलीस रे? तिने मला काही सांगितलं नाही. नाकडोळे तुझेच आहेत.
डिपॉझिट घेतलं नाही. विचार करत असतील.

१५ मार्च
खोली मिळाली! द्रौपदी आईला घेऊन परस्पर जाऊन आली. फक्त अट आहे. दोघीच राहायच्या. दोघी गेल्यासुद्धा. सामान फारसं नेलं नाही, म्हणजे तात्पुरतंच.

२२ मार्च
गोपी म्हणतो, अकेले आदमी को कोई नहीं देता, फॅमिली लेके आओ. म्हटलं, फॅमिली आहे, कात्रपला असते. तो हसला. पूर्वी मी हसायचो तसा.

२९ मार्च
कात्रपला जाऊन आलो. परवा उल्हासनगरची खोली सोडायची, द्रौपदीच्या कानावर घालावं म्हणून. ती बाहेर आली नाही, झोपली असेल. आईने ओट्यावर चहा आणून दिला. शेजारीण म्हणाली, हे कोण हो, आजी? आई म्हणाली, मुलगा माझा. आत ये म्हणाली नाही. आत पसारा असेल.
चहा गोड होता. कप नळावर मीच विसळला आणि ओट्यावर उपडा ठेवला.