झाकणाच्या आतले ओरखडे

१९ ऑगस्ट १९५६
पोचले एकदाची. खोली मला वाटली होती त्यापेक्षा मोठी आहे आणि खिडकीतून समोर शाळेचं छप्पर दिसतं. उद्यापासून त्या छपराखाली मी इतिहास शिकवणार. स्टेशनवर निरोप देताना बाबांनी माझी पदवी कुणाला तरी सांगायचीच म्हणून तिकीट तपासणाऱ्याला सांगितली. तो बिचारा टोपी काढून उभा राहिला. आमच्या घरात याआधी कुणी शाळेच्या पुढे गेलेलं नाही. आजी तर परक्यांच्या घरी मोलकरीण होती, स्वयंपाकघरातल्या पेटीसारख्या बाकात झोपायची.

घरमालकीण सेडरहोल्मबाई सत्तरीच्या, विधवा, पाठ अजून ताठ. बाबा सुतार आहेत आणि लहानपणापासून मी त्यांच्या हाताखाली काम केलंय, हे कळल्यावर त्या खूश झाल्या. जुनं सामान त्यांना गावच्या संग्रहालयाला द्यायचंय, पण ओरखडे बुजवल्याशिवाय नाही. मी ते करायचं आणि त्यांच्याच टेबलावर जेवायचं, असं ठरलं.

२३ ऑगस्ट
शाळा छान आहे. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाचं काम केलं. वरवरच्या ओरखड्यांवर अक्रोडाचा गर चोळला की त्याचं तेल लाकडात उतरतं आणि पांढरी रेघ दिसेनाशी होते. खोल चरांमध्ये मेण वितळवून भरायचं आणि थंड झालं की पट्टीने खरवडायचं. जिथे लाकूड नुसतं दबलंय तिथे ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवायची, मग ते फुगून वर येतं. हे सगळं करताना मला फार शांत वाटतं. बिघडलेलं नीट करता येतं, यावर माझा विश्वास आहे. मुलांनाही मी तेच शिकवणार आहे.

२६ ऑगस्ट
आज स्वयंपाकघरातला लांब बाक काढला. दिवसा बसायचं, रात्री झाकण उचलून आतल्या गवताच्या गादीवर मोलकरणीने झोपायचं, तसाच. आजीच्या आठवणीने जरा वेळ नुसता हात फिरवत बसले.

बाहेरून बाक नव्यासारखा आहे. ओरखडे झाकणाच्या आतल्या बाजूला आणि पायथ्याच्या फळीवर आहेत. सेडरहोल्मबाई म्हणाल्या, पूर्वी एकदा मांजर अडकलं होतं. मांजराच्या नखांमध्ये एवढं अंतर नसतं, असं मनात आलं. पण नवीन जागी आल्या आल्या शहाणपणा कशाला? डोक्याकडचे काही ओरखडे बुजवून टाकले.

२८ ऑगस्ट
बाईंच्या मनगटावर लांब ओरखडे उठलेत. गुलाबाची छाटणी करताना लागलं म्हणाल्या. संध्याकाळी मी आतले आणखी हातभर ओरखडे बुजवले.

२ सप्टेंबर, रविवार
प्रार्थनेनंतर बाईंच्या दोन जुन्या मैत्रिणी कॉफीला आल्या, अमांडा आणि टोरा. टोराबाईंच्या मानेवर पट्टी होती. मांजराने ओरबाडलं, त्या म्हणाल्या. “नवरा गेल्यापासून हिला भांडायला मांजरच उरलंय,” सेडरहोल्मबाई म्हणाल्या आणि तिघी हसल्या. रिवाजाप्रमाणे बिस्किटांचे सातही प्रकार टेबलावर होते आणि मला प्रत्येकातलं एक खावंच लागलं. सगळे चाखल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नाही, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं.

अमांडाबाई मात्र बाकावर बसल्या नाहीत. पाय दुखत असूनही उभ्याच राहिल्या.

५ सप्टेंबर
काल मी एक वेगळा ओरखडा बुजवला. खोल, आणि शेवटी आकड्यासारखा वळलेला, जणू तिथे नख तुटलं असावं. आज सकाळी तोच आकडा सेडरहोल्मबाईंच्या गालावर होता. तसाच, त्याच वळणाचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लापशी वाढली.

६ सप्टेंबर
शाळा सुटल्यावर अमांडाबाई फाटकाशी थांबल्या होत्या. बाही वर करून त्यांनी दंडावरचे ताजे ओरखडे दाखवले. मग मी न विचारताच त्यांनी सगळं सांगितलं.

या घरात पूर्वी एल्ना नावाची मोलकरीण होती, सोळा वर्षांची. कॉफीसाठी केलेला केक तिने चोरून खाल्ला असं सेडरहोल्मबाईंना वाटलं. त्यांनी तिला बाकात कोंडलं आणि वर उशा मांडून या दोघी मैत्रिणींना बसवलं. आतून ठोकल्याचे, ओरबाडल्याचे आवाज येत होते. बाई कॉफी ओतत राहिल्या आणि बिस्किटांची ताटली पुढे करत राहिल्या. पाहुण्या गेल्यावर झाकण उघडलं तेव्हा पोर गार पडली होती. तिचं हृदय कमजोर होतं, असं डॉक्टरला सांगितलं.

मी विचारलं, तुम्ही उठला का नाहीत?

“आमचे दोन प्रकार राहिले होते गं,” त्या म्हणाल्या. “मध्येच उठलो असतो तर ते दिसलं कसं असतं?”

८ सप्टेंबर
मला वाटलं होतं, हे कळल्यावर मी काम थांबवेन. उलट आज हात लवकर चालला. अक्रोड चोळताना मी हळूच म्हणत होते, हा हेडविग सेडरहोल्मसाठी, हा टोरासाठी. दुपारी बाई मानेला फडकं गुंडाळून बसल्या होत्या आणि त्यातून रक्त झिरपत होतं. मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

आजीच्या बाकावर कोण कोण बसलं असेल?

१२ सप्टेंबर
काल रागाच्या भरात जवळजवळ सगळं बुजवलं. आज झाकण उचलून पाहिलं. आत गुळगुळीत, चकचकीत लाकूड. एल्नाने या जगात एवढंच लिहून ठेवलं होतं आणि मी, इतिहासाची शिक्षिका, ते पुसत बसले होते.

सूड नको. सगळ्यांना दिसायला हवं. मेण उकरून काढणार. सोमवारी संग्रहालयाची माणसं येतील तेव्हा झाकण उघडं ठेवून सांगणार. बाईंना हे तोंडावर सांगितलं. रविवारी मैत्रिणींना बोलावते म्हणाल्या, त्यांच्यासमोरच काय ते बोल.

१४ सप्टेंबर
मेण निघत नाही. उकरलं तेवढं पुन्हा भरतं. अक्रोडाची वाटी मी कपाटात ठेवली होती — बाकाच्या आत, गादीवर सापडली.

१६ सप्टेंबर, रविवार
बाकाच्या आतून लिहितेय. वही एप्रनच्या खिशात होती. फटीतून जरा उजेड येतो.

पायथ्याच्या फळीवरचं मेण उकरायला आत आडवी झाले होते. झाकण पडलं. मग वजन. एक, मग दुसरं, मग तिसरं. अमांडाबाई रडत होत्या. सेडरहोल्मबाई त्यांना म्हणाल्या, “बस गं, कॉफी निवतेय.”

ओरडले. ठोकलं. वर कपबश्या वाजताहेत.

—

आत कुणीतरी आहे. माझ्या पाठीशी. गार.

तिने माझ्या उजव्या हातात अक्रोड दिलाय. मनगट धरून चोळायला लावतेय. मी नको म्हटलं. सगळ्यांना सांगेन म्हटलं, तुझं नाव सांगेन. तिला नाव नकोय. साक्ष नकोय.

डाव्या हाताने लिहितेय.

एक ओरखडा बुजला — वर कप फुटला. टोरा किंचाळली.

त्यांना उठायचंय. आता उठायचंय त्यांना. उठता येत नाहीये. वरून नखं घासताहेत लाकडावर —

अमांडा गप्प झाली.

टोराही.

वजन तेवढंच आहे. हललं नाही. मेलेलं माणूस बाकावरून उठत नाही, हे माझ्या लक्षात कसं —

हेडविग अजून जिवंत आहे. मला नावाने हाक मारतेय, गुनवॉर, गुनवॉर, झाकण उघडते म्हणतेय, फक्त थांब म्हणतेय. एकच ओरखडा उरलाय. तिचा. मी हात मागे ओढतेय. एल्ना, थांब, ती उठली तरच मला बाहेर — एल्ना, माझी आजीसुद्धा —

हात पुढे सरक