शेकाचा तुकडा

१८ सप्टेंबर
आलो एकदाचे शिरोलीला. मी, प्रसेनजीत, दहा वर्षं मास्तरकी करून घसा बसवून घेतलेला माणूस. आता फौंड्रीत भंगार तपासणार. नऊ वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्यावर अणुबॉम्ब पडला, तिकडचं लोखंड अजून चोरून घाट चढतं. ट्रकवर किरणोत्सर्गाचं मीटर फिरवायचं, ते कटकटलं की ट्रक परत. बोलणार मीटर, मी गप्प. झकास काम. खोली आवारातच आहे. बायकोला, निशाला, सातवा महिना, तरी स्वारी खुशीत आहे.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. भट्टी बंद, हत्यारांची पूजा. जुने भट्टीवाले जोतीराममामा माझंही मीटर मागायला आले. आम्ही बौद्ध, पूजा करत नाही. पण म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा म्हणून दिलं. हळदकुंकू लावून त्यांनी ते घणाशेजारी मांडलं. दुपारी ट्रक आला. मी मीटर घ्यायला गेलो तर मामा म्हणाले, पावणं, आज हत्यार उचलायचं न्हाय, गाडी कुठं पळत्या व्हय? ड्रायव्हरनं माल गारगोटी गावचा, म्हणजे घाटावरचाच सांगितला. उतरवून घेतला.

४ ऑक्टोबर
दसऱ्याची सुट्टी चालूच. ढीग तपासायचा राहिलाय, सोमवारी बघू. निशाची कंबर फार दुखते. मामांनी तिला एक लोखंडी तुकडा दिलाय, त्यानं ती शेक घेते. गॅसवर तापवत असेल.

६ ऑक्टोबर
तापवत नाही म्हणाली. तो आपोआपच गरम असतो. रात्रभर कंबरेखाली घेऊन झोपते.

मीटर आणलं. दारातच काटा टोकाला चिकटला.

मामांना विचारलं. त्या ढिगातलाच. पोरीची कंबर दुखत हुती की, म्हणाले. त्यांचे तळवे फोडांनी भरलेत. मी त्यांना काय बोलू? मीटर मी दिलं होतं. ढीग मी ठेवला होता.

७ ऑक्टोबर
दवाखाना. निशाच्या कंबरेवर भाजल्यासारखा डाग. उलट्या थांबत नाहीत. बाळाचं विचारलं तर डॉक्टर बघू म्हणतात. सगळे नुसतं बघू म्हणतात.

९ ऑक्टोबर
मामा पलीकडच्या वॉर्डात. शुद्ध नाही. निशाचे केस उशीवर — मी गोळा करून खिशात ठेवले, तिला दिसू नयेत म्हणून.

१० ऑक्टोबर
काल दुपारपासून बाळ हललं नाही. झोपलं असंल, म्हणते. मी हो म्हणालो. काय करू — कुणाचे पाय धरू —

११ ऑक्टोबर
तिनं माझा हात पोटावर ठेवलाय. डाव्या हातानं लिहितोय. बघा की, आत्ता हललं, म्हणते. हसतेय. मला काहीच —